वेळ गेला आणि वेळ गेली : संशोधकाच्या कालनियोजनविषयक वाङ्मयाचा एक विचार

पीएच्. डी.च्या संशोधकाने आपल्या वेळेची व्यवस्था कशी लावावी, हे सांगणाऱ्या पुस्तकांचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार गेल्या काही दशकांत रूढ झाला आहे. आपल्या विभागातील संशोधक विद्यार्थ्यांच्या मेजांवर संदर्भग्रंथांच्या जोडीला ही पुस्तके आता हमखास दिसतात. विद्यापीठांतून भरणाऱ्या संशोधनपद्धतीच्या वर्गांतही एखादा तास ह्या विषयासाठी राखलेला असतो. ह्या वाङ्मयाची समीक्षा मात्र आपल्याकडे फारशी कोणी केलेली नाही. ते उपयुक्त आहे असे सर्वजण धरून चालतात, आणि उपयुक्त म्हणून गणलेल्या पुस्तकाची समीक्षा करावयाची असते हेच आपण विसरून जातो. वास्तविक कोणतेही उपदेशपर लेखन आपल्या विषयाची एक विशिष्ट कल्पना गृहीत धरूनच उपदेश करीत असते. ती कल्पना तपासून पाहणे हे समीक्षेचे काम होय. प्रस्तुत लेखात हे काम भाषेच्या अभ्यासकाला साजेल अशा मार्गाने, म्हणजे ‘वेळ’ ह्या शब्दापासून आरंभ करून, करण्याचे योजिले आहे.

मराठीत ‘वेळ’ हे नाम दोन लिंगांत वापरले जाते, ही गोष्ट प्रत्येक मराठी भाषकाला येते. परंतु ती विचारली असता सहसा कोणाला सांगता येत नाही. ‘माझा वेळ गेला’ आणि ‘माझी वेळ गेली’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण त्यांचा अर्थ एक नाही. पहिल्यात काही तास किंवा दिवस खर्ची पडल्याची तक्रार आहे. दुसऱ्यात एखादी ठरलेली घटका अथवा संधी निघून गेल्याची. ‘जेवायला वेळ झाला’ म्हणजे उशीर झाला. ‘जेवायची वेळ झाली’ म्हणजे पाने मांडण्यास हरकत नाही. वेळ ‘काढला’, ‘घालवला’, ‘दवडला’, ‘खाल्ला’ जातो. पण वेळ ‘येते’, ‘टळते’, ‘चुकते’, ‘साधली’ जाते, आणि प्रसंगी ‘मारून नेली’ जाते. पुल्लिंगी वेळ ही राशी आहे. तिला अनेकवचन नाही. ‘मला दोन वेळ लागले’ असे कोणी म्हणत नाही, तेथे तास, दिवस, महिने असे एखादे माप घ्यावे लागते. स्त्रीलिंगी वेळ मात्र मोजता येते : औषधाच्या वेळा, गाडीच्या वेळा, भेटीच्या वेळा.

हा भेद केवळ क्रियापदाच्या मेळापुरता नाही. तो सामान्यरूपातही उतरला आहे. ‘थोड्या वेळाने’, ‘एवढ्या वेळात’ ही पुल्लिंगाची रूपे. ‘वेळेवर’, ‘वेळेला’, ‘वेळेत’ ही स्त्रीलिंगाची. ‘दिलेल्या वेळात’ काम करणे आणि ‘वेळेत’ काम करणे ह्यांतील अंतर ज्याला कळते, त्याला माझे पुढचे विवेचन कठीण वाटू नये. संस्कृतातील ‘वेला’ हा शब्द मर्यादा, किनारा, भरती अशा अर्थांनीही येतो, आणि मराठीच्या स्त्रीलिंगी वेळेत त्या मर्यादेचा अंश अजून शिल्लक आहे असे मला वाटते. (‘वेळापत्रक’ ह्या समासातील ‘वेळा’ मराठीच्या स्त्रीलिंगी अनेकवचनाची समजावी की संस्कृत ‘वेला’ची, हा प्रश्न वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे. काहीही मानले तरी ती पुल्लिंगी राशी नव्हे, एवढे निश्चित.) ग्रीक भाषेत अशाच स्वरूपाच्या भेदासाठी क्रोनोस आणि कैरोस असे दोन निराळे शब्द आहेत. मराठी एकाच शब्दावर, केवळ लिंगभेदाने, हे काम भागवते. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ ह्या आपल्या म्हणीत तर काळ आणि स्त्रीलिंगी वेळ समोरासमोर उभ्या केल्या आहेत.

येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य दिली पाहिजे. व्याकरणातील एखाद्या भेदावरून त्या भाषकांच्या जगद्दृष्टीविषयी अनुमाने काढण्याचा मोह भाषाभ्यासाला पूर्वी फार महाग पडला आहे. होपी भाषेत काळाची कल्पनाच आपल्यासारखी नाही, असे बेंजामिन ली व्होर्फ ह्यांनी प्रतिपादिले होते. एकेहार्ट मालोट्की ह्यांनी १९८३ मध्ये ‘होपी टाइम’ हा बृहद्ग्रंथ लिहून त्या भाषेतील कालवाचक शब्दांचा आणि रूपांचा असा काही ढीग समोर मांडला की ते प्रतिपादन त्या स्वरूपात टिकू शकले नाही. तेव्हा मराठी माणूस वेळेविषयी इतरांहून अधिक सूक्ष्म विचार करतो, असा दावा येथे नाही. मराठी माणसाच्या वक्तशीरपणाचा अनुभव असलेला कोणीही तो करणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, हा भेद आपल्या हाताशी तयार आहे आणि समीक्षेचे साधन म्हणून तो उपयोगी पडतो.

ह्या साधनाने पाहिले असता कालनियोजनाचे बहुतेक सर्व वाङ्मय पुल्लिंगी वेळेविषयीचे आहे, असे दिसून येते. त्याची वंशावळही तेच सांगते. आर्नल्ड बेनेट ह्या इंग्रज कादंबरीकाराने १९०८ मध्ये चोवीस तासांत कसे जगावे ह्या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याच्या डोळ्यांसमोर सकाळी दहा ते सायंकाळी सहा कचेरीत बसणारा लंडनचा नोकरदार होता. सकाळी आगगाडीतील अर्धा तास आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड-दीड तास, असा साडेसात तासांचा हिशेब त्याने मांडून दिला. तीनच वर्षांनी, १९११ मध्ये, फ्रेडरिक टेलर ह्या अमेरिकन अभियंत्याचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ आला आणि कारखान्यातील मजुराच्या प्रत्येक हालचालीला घड्याळ लावण्याची पद्धत प्रतिष्ठा पावली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्चेस्को चिरिलो ह्या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील घड्याळ लावून पंचवीस मिनिटे अभ्यास, पाच मिनिटे विसावा, असा क्रम बसविला. ‘पोमोदोरो’ म्हणजे इटालियन भाषेत टोमॅटो. आज आपले विद्यार्थी हेच टोमॅटो मोबाइलवर मोजतात. बेनेटचा नोकरदार, टेलरचा मजूर आणि चिरिलोचा विद्यार्थी ह्यांत एक गोष्ट समान आहे : काम कोणते हे आधीच ठरलेले असून ते करावयास किती वेळ आहे, एवढाच प्रश्न उरला आहे.

ही पद्धत निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. संशोधनात पुल्लिंगी वेळेचे काम पुष्कळ असते. ध्वनिमुद्रित वाक्ये ऐकून त्यांचे ध्वनिलेखन करणे, प्रत्येक वाक्याखाली पदशः अर्थ लिहिणे, संदर्भांच्या नोंदी करणे, मुद्रिते तपासणे ही कामे पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत उत्तम होतात, किंबहुना तशीच करावीत. सलग चार तास ध्वनिलेखन करणाऱ्याचा कान अखेरीस त्याला फसवू लागतो. ज्याने एका तासाचे बोलीचे ध्वनिमुद्रण काळजीपूर्वक कागदावर उतरविण्यात पूर्ण दिवस घालविला आहे, त्याला टोमॅटोची थट्टा सुचणार नाही.

प्रबंधलेखनाविषयीची म्हणून जी पुस्तके आहेत, त्यांपैकी दोन विशेष विचारार्ह आहेत. उंबेर्तो एको ह्यांचे प्रबंध कसा लिहावा हे सांगणारे इटालियन पुस्तक १९७७ मध्ये निघाले. त्याचे इंग्रजी भाषांतर २०१५ मध्ये उपलब्ध झाले, आणि तेव्हापासून आपल्याकडे ते वाचले जाऊ लागले. वाचताना एक गोष्ट सहसा नजरेआड होते. हे पुस्तक इटलीतील ‘लाउरेआ’ ह्या पदवीच्या प्रबंधासाठी लिहिलेले आहे, पीएच्. डी.साठी नव्हे. प्रबंधाला तीन वर्षांहून अधिक आणि सहा महिन्यांहून कमी काळ लागू नये, हा एकोंचा दंडक त्या पदवीचा आहे. तो आपल्या प्रबंधाला लावून विद्यार्थ्याला धारेवर धरणे अन्यायाचे होईल. परंतु ह्या दंडकाचे जे समर्थन एकोंनी केले आहे ते मोलाचे आहे. तीन वर्षांत प्रबंध झाला नाही तर विषय आवाक्याबाहेरचा निवडला गेला असला पाहिजे, अथवा सर्वच सांगून टाकण्याची हाव सुटली असली पाहिजे, अथवा प्रबंधाचे भयच मनात घर करून बसले असले पाहिजे, असे ते म्हणतात. म्हणजे विलंबाचे मूळ एकोंनी दिनक्रमात शोधलेले नाही, विषयाच्या निवडीत आणि मर्यादेत शोधले आहे. आरंभीच अनुक्रमणिका लिहून काढावी आणि पुढे ती वारंवार बदलावी, हा त्यांचा उपदेशही त्याच दृष्टीतून आला आहे. अनुक्रमणिका हे त्यांच्या लेखी विषयाच्या प्रगतीचे चित्र आहे, तासांचे नव्हे.

दुसरे पुस्तक जोन बोल्कर ह्यांचे, १९९८चे. दररोज पंधरा मिनिटांत प्रबंध लिहिण्याची ग्वाही त्याच्या नावातच आहे, आणि तिच्यावर विसंबून ते विकत घेणारे पुष्कळ असावेत. वास्तविक पंधरा मिनिटांत प्रबंध होत नाही हे लेखिकेलाही मान्य आहे. रोज निदान एवढे तरी लिहावे म्हणजे लिहिण्याची भीती मोडते, असा तिचा अभिप्राय आहे. आधी लिहावे आणि लिहिता लिहिता विचार सापडू द्यावा, हे तिचे प्रतिपादन मला एकोंच्या अनुक्रमणिकेइतकेच महत्त्वाचे वाटते. मात्र दोन्ही पुस्तकांत सामग्री ग्रंथालयात आहे, हे बव्हंशी गृहीत आहे. ग्रंथ आपली वाट पाहत कपाटात उभे असतात. त्यांना हंगाम नसतो. ज्यांची सामग्री माणसांच्या तोंडी आहे त्यांचे काय, ह्याचे उत्तर अशा पुस्तकांतून फारसे मिळत नाही.

तासांच्या अंदाजावर किती विसंबावे, ह्याविषयी एक प्रायोगिक पुरावाही येथे नोंदवण्यासारखा आहे. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पदवीचा प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना तो केव्हा पुरा होईल असे विचारले होते. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा आला. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. सर्व काही बिघडले तर किती लागतील, ह्या प्रश्नाला दिलेले उत्तरदेखील ४८.६ दिवसांचे होते. आपल्या बाबतीत काय काय बिघडू शकते ह्याची कल्पना करतानाही माणूस पुल्लिंगी वेळेचीच बेरीज करीत राहतो. वाढीव दिवस धरतो. पण एखादी वेळ टळू शकते आणि ती टळली की पुढचे सगळेच काम एका हंगामाने मागे पडते, हे त्या बेरजेत बसत नाही.

आता ज्या संशोधनाचा ह्या संदर्भात मला सर्वाधिक उपयोग वाटतो त्याकडे वळतो. २०२४ मध्ये दिवंगत झालेले विल्यम लबोव्ह ह्यांचे नाव समाजभाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. न्यूयॉर्क शहरातील इंग्रजीच्या सामाजिक स्तरीकरणावर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात १९६४ मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि १९६६ मध्ये तो प्रबंध ग्रंथरूपाने आला. त्यातील सर्वांत प्रसिद्ध भाग म्हणजे तीन मोठ्या दुकानांतील पाहणी. नोव्हेंबर १९६२ मध्ये लबोव्ह सॅक्स, मेसीज आणि एस. क्लाइन ह्या तीन दुकानांत गेले. पहिले श्रीमंतांचे, दुसरे मध्यमवर्गाचे, तिसरे स्वस्ताईचे. चौथ्या मजल्यावर जी वस्तू मिळते ती कोठे आहे, असे त्यांनी तेथील नोकरांना विचारले. उत्तरात ‘फोर्थ फ्लोअर’ हे शब्द येणार हे उघडच होते, आणि त्या दोन शब्दांतील ‘र’ उच्चारला जातो की नाही, एवढेच त्यांना हवे होते. ऐकू आले नाही असे भासवून ते उत्तर पुन्हा वदवून घेत आणि बाजूला होऊन टिपण करीत. अशा २६४ व्यक्ती झाल्या. ह्या साऱ्या मुलाखतींना मिळून लागलेला वेळ सुमारे साडेसहा तास होता. म्हणजे माणशी दीड मिनिट.

अहवालाच्या कागदावर ही पाहणी कशी दिसेल, ह्याची कल्पना करून पाहावी. ‘क्षेत्रकार्य : साडेसहा तास.’ सहामाही बैठकीत कोणीतरी चष्मा वर करून ‘एवढेच?’ असे विचारील. परंतु त्या साडेसहा तासांपूर्वी लबोव्ह ह्यांनी न्यूयॉर्कमध्ये सत्तर व्यक्तींच्या स्वतंत्र मुलाखती घेतल्या होत्या, सार्वजनिक जागी अनामिक निरीक्षणे केली होती, आणि त्याहीपूर्वी मार्थाज् व्हिन्यार्ड ह्या बेटावरील उच्चारपरिवर्तनाचा अभ्यास पुरा केला होता, जो १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणता ध्वनी पाहावयाचा, तो कोणत्या शब्दांत पाहावयाचा, ते शब्द समोरच्याच्या तोंडून सहज कसे यावेत आणि तो आपल्या कामात असतानाच ते कसे यावेत, ह्या चार प्रश्नांची उत्तरे हाती आल्यावर उरले ते काम साडेसहा तासांचे होते. येथे वेळ थोडा लागला, कारण वेळ साधली होती. विक्रेत्याला घरी गाठून ध्वनिमुद्रक समोर ठेवला असता तर तो ‘र’ निराळा निघाला असता; तेथे लबोव्ह ह्यांनी कितीही तास घालविले असते तरी दुकानातील ती घटका त्यांच्या हाती लागली नसती.

हा दाखला केवळ प्रतिभावंताचा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही, कारण आपल्याकडच्या साध्या बोली-सर्वेक्षणातही हेच घडते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या बोलीवर काम करू इच्छिणाऱ्या संशोधकाने दिवाळीनंतर गावी जायचे ठरविले, तर त्याला घरांना कुलपे दिसतील आणि ओट्यांवर म्हातारी माणसे. कारण साखर कारखान्यांचा गाळप-हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो आणि कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात गेलेली असतात. वृद्धांची बोली अभ्यासावयाची असेल तर ही वेळ चांगली. फडावरील मिश्र बोली अभ्यासावयाची असेल तर गावी न जाता फडावर गेले पाहिजे. कोळी बोलीचा अभ्यासक जून-जुलैत किनाऱ्यावर गेला पाहिजे, कारण मासेमारी बंद असताना होड्या ओढून ठेवलेल्या असतात, जाळी विणली जात असतात आणि माणसे बोलावयास मोकळी असतात. पण जून-जुलै हेच आपल्या नव्या शैक्षणिक वर्षाच्या धामधुमीचे महिने! संशोधक जर कोठे शिकवीत असेल, तर त्याला रजा मिळते ती मे महिन्यात किंवा दिवाळीत, म्हणजे त्याच्या निवेदकांना सवड नसताना. बायकांची बोली टिपावयाची असेल तर दुपारची भांडी झाल्यावर आणि संध्याकाळची चूल पेटण्यापूर्वी जी एक-दीड तासाची फट असते, ती साधावी लागते. कोणत्याही टोमॅटोने ती फट रुंदावत नाही.

आणि काही वेळा अशा असतात की त्या परत येत नाहीत. मला ठाऊक असलेल्या एका संशोधक विद्यार्थिनीने एका वृद्ध निवेदिकेकडून जात्यावरच्या गाण्यांतील जुनी क्रियारूपे मिळविली होती. रूपावली अपुरी होती. पुन्हा जाणे आवश्यक होते. त्या सहामाहीत तिने दोन प्रकरणे लिहून द्यावीत असे ठरले होते, म्हणून तिने जाणे पुढे ढकलले आणि प्रकरणे वेळेत दिली. अहवालात ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा आला. पावसाळ्यानंतर ती गावी गेली तेव्हा म्हातारी वारली होती. रूपावलीतील रिकाम्या जागा तशाच रिकाम्या राहिल्या आणि प्रबंधात त्यांच्याखाली एक तळटीप आली. ह्या मुलीने वेळ वाया घालविला असे कोणीही म्हणू शकणार नाही.

येथे प्रश्न केवळ पुस्तकांचा राहत नाही. आपल्या नियमांचा आणि रिवाजांचा होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२च्या विनियमांनुसार पीएच्. डी.चा किमान काळ अभ्यासक्रम धरून तीन वर्षांचा आणि कमाल काळ प्रवेशापासून सहा वर्षांचा आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्री संशोधकांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन, मात्र एकूण दहांहून अधिक नाहीत. प्रसूतीची किंवा बालसंगोपनाची रजा २४० दिवसांपर्यंत घेता येते. ह्या तरतुदी उदार आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध मला काही म्हणावयाचे नाही. परंतु त्या सर्व पुल्लिंगी वेळेच्या तरतुदी आहेत. वर्षे वाढवून मिळतात. टळलेली वेळ वाढवून मिळत नाही. राष्ट्रीय पात्रता परीक्षेद्वारे मिळणारी अधिछात्रवृत्ती पाच वर्षांची आणि प्रबंधाची मर्यादा सहा वर्षांची, ह्यामुळे शेवटचे वर्ष पुष्कळांना पदरमोड करून काढावे लागते, हाही हिशेब त्याच खात्यातला. ज्यांना अधिछात्रवृत्तीच नाही आणि जे महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवितात, त्यांची स्थिती तर अशी की ते आपला वेळ अक्षरशः घड्याळी तासांनी विकतात. अशा संशोधकाला ‘रोज पहाटे दोन तास काढा’ असे सांगणारे पुस्तक त्याची थट्टाच करीत असते. ते दोन तास त्याने केव्हाच काढले आहेत. त्याला हवा आहे तो सलग एक पंधरवडा, तोही जुलैतला.

मार्गदर्शकांविषयी बोलणेही अटळ आहे. कालनियोजनाचे वाङ्मय बहुतांशी विद्यार्थ्याला उद्देशून लिहिलेले असल्याने विलंबाचा सारा भार त्याच्याच माथी येतो. त्याच विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. आठ संशोधकांनी वर्षाकाठी दोन-दोन प्रकरणे दिली तर सोळा प्रकरणे होतात. ती वाचून होईपर्यंत संशोधक काय करतो? पुष्कळदा काहीच नाही. पुढचे प्रकरण मागच्यावर अवलंबून असते, आणि मागचे मार्गदर्शकाच्या मेजावर असते. त्या आठवड्यांची नोंद विद्यार्थ्याच्या वेळापत्रकात ‘वाया गेलेला वेळ’ अशी होते. ती तशी होऊ नये. प्रकरण केव्हा दिले आणि केव्हा परत मिळाले, ह्या दोन तारखा अहवालात शेजारी शेजारी लिहिल्या जाव्यात. आम्हां अध्यापकांना त्या पाहून थोडे अवघडल्यासारखे झाले तरी चालेल.

सहामाही अहवालाच्या नमुन्यातच ह्यावरचा उपाय आहे असे मला वाटते. सध्या प्रचलित असलेल्या नमुन्यांतून लिहिलेली पृष्ठे, पूर्ण झालेली प्रकरणे, चर्चासत्रांतील उपस्थिती अशी राशींची विचारपूस होते. संशोधकाच्या सामग्रीचा हंगाम कोणता, त्यातील कोणती वेळ ह्या सहामाहीत होती, ती साधली की टळली, टळली असल्यास पुन्हा केव्हा येईल आणि तोपर्यंत काय करता येईल, हे प्रश्न सल्लागार समितीने विचारले पाहिजेत. पोथ्यांवर किंवा मुद्रित ग्रंथांवर काम करणाऱ्याला ह्यांतील काही प्रश्न लागू पडणार नाहीत; त्याच्यासाठी पृष्ठांची गणना पुरेशी आहे, आणि तेथे एकोंचा सल्ला मी कोणत्याही विनियमापेक्षा श्रेष्ठ मानीन. परंतु बोलींवर, लोकगीतांवर, शाळेतील मुलांच्या भाषासंपादनावर काम करणाऱ्यांसाठी हे प्रश्न मध्यवर्ती आहेत. मुलाचे वय दोन वर्षांवरून तीन वर्षांवर जाण्यास एकच वर्ष लागते, आणि त्या वर्षात तोंडातून निघालेली वाक्ये त्याच्याकडून पुढे पुन्हा वदवून घेता येत नाहीत.

ह्यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो खरा आहे. ‘वेळ आली नाही’ ही सबब अत्यंत सोयीची आहे. काम केल्याने न दमलेला आणि वाट पाहून दमलेला संशोधक आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. दिलेल्या मुदतीइतके काम फुगत जाते, असे पार्किन्सन ह्यांनी १९५५ मध्ये थट्टेने लिहिले, ते पुनर्नोंदणीच्या अर्जांचा गठ्ठा पाहिल्यावर थट्टेचे वाटत नाही. परंतु सबब आणि कारण ह्यांतील भेद ओळखण्यासाठीच समिती असते. ज्याला आपल्या विषयाची वेळ खरोखर माहीत आहे, तो ती तारखेनिशी सांगू शकतो : अमुक गावी अमुक महिन्यात, कारण तेव्हा नांगरणी संपलेली असते. ज्याला ती सांगता येत नाही, त्याने अद्याप आपला विषय पुरता निवडलेला नाही, आणि त्याला दिनक्रम सुधारण्याचा उपदेश करण्यापेक्षा त्याच्याशी विषयाविषयी बोलणे अधिक अगत्याचे आहे. असे बोलणे प्रवेशानंतरच्या पहिल्या सहामाहीतच झाले, तर क्षेत्रकार्याचा पहिला हंगाम हातचा जात नाही. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते; किनाऱ्यावर काम करणाऱ्या संशोधकाची पहिली बैठक मे महिन्यात घ्यावी लागेल, आणि त्याच्या तासिकांची जुलैतील व्यवस्था विभागाने त्याच बैठकीत लावून द्यावी लागेल.